पावतीवर वेळ नव्हती

ती पावती अजून माझ्या कपाटातल्या फायलीत आहे. गुलाबी, पातळ कागद, तळहाताएवढा. वर जाड अक्षरांत ‘वाहन पार्किंग’, त्याखाली ‘रु. ३०/-’ आणि तळाला बारीक टायपात ‘वाहन व आतील सामान मालकाच्या जबाबदारीवर’. पैसे घेणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, क्रमांक नाही, तारीख नाही, वेळ नाही. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या हातचं आहे: ‘दंड म्हणून रु. २०० मागितले, निषेध नोंदवून दिले. दुपारी १.२०.’ खाली सही. कागद ओम्नीच्या दारावर टेकवून लिहिला होता. पत्रा उन्हाने तापलेला, हात थरथरत होता, आणि पेनाने कागद दोन ठिकाणी फाटला आहे.

आमची तारकर्लीच्या रस्त्याला चार खोल्यांची निवास-न्याहारीची सोय आहे. खोल्या यजमान बघतात, स्वयंपाक आणि बाजारहाट माझ्याकडे. मासळी सकाळी लिलावातून येते, नारळ-कोकम घरचं, भाजी आठवड्याच्या बाजारातली. पण तेलाचे डबे, तूरडाळ, लोणी, फ्रीजरमधले वाटाणे, पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायच्या साबणाच्या छोट्या वड्या, हे सगळं पंधरा दिवसांतून एकदा जिल्ह्यातल्याच एका शहरातल्या सुपरमार्केटमधून आणते. तिथे भाव बरा मिळतो आणि एकाच ठिकाणी सगळं होतं. शहराचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही.

डिसेंबर २०२४, नाताळच्या आधीचा आठवडा. आमच्याकडे हे दिवस मे महिन्याइतकेच भरलेले असतात. त्या दिवशी तीन वाजता कोल्हापूरची दोन कुटुंबं यायची होती, म्हणून मी सकाळचं आवरून लवकर निघाले. वाटेत पेट्रोल भरलं. पंपाच्या बिलावर ११.४९ छापलेलं आहे. पंपापासून दुकान पाच मिनिटांवर, म्हणजे बाराला पाच कमी असताना मी गाडी लावली. कमरेला पाऊच बांधलेला एक मुलगा आला, गुलाबी पावती फाडून दिली, तीस रुपये घेतले. मला नवल वाटलं, कारण दिवाळीपर्यंत तिथे पार्किंगला पैसे नव्हते. दर्शनी भिंतीवर हिरवी पाटी होती, ‘ग्राहकांसाठी मोफत पार्किंग’. त्या दिवशी ती भिंतीवर दिसली नाही. पण घाई होती. तीस रुपये दिले आणि आत गेले.

सामान गोळा करायला मला पंचवीस मिनिटं लागली. पैसे द्यायच्या रांगेत चाळीस. पाच काउंटर, त्यातलं एक चालू, आणि पुढे सगळे माझ्यासारखेच हॉटेलवाले, खानावळवाले, ट्रॉल्या डोंगरासारख्या भरलेले. बिल ६,८४२ रुपयांचं झालं. त्यावरची वेळ १२.५८. सामान ढकलत बाहेर आले तेव्हा एक वाजून गेला होता. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला साखळी होती.

साखळी म्हणजे सायकलीला लावतात तसली नव्हे. होडी नांगराला बांधतात त्या जाडीची, गंजलेली, चाकाच्या भोकांतून ओवून ॲक्सलला वेढा घातलेली, आणि तिला पितळी कुलूप. मी खाली वाकून पाहिलं तर गंजाचा तांबडा चुरा चाकावर सांडलेला. आमच्या घराला कोणी बाहेरून कडी घातली असती तर जसं वाटलं असतं तसं मला त्या क्षणी वाटलं.

“एक तासाच्या वर झाला, मावशे. दोनशे दंड,” तो मुलगा म्हणाला. बोलणं ऐकून कळलं, आमच्याच बाजूचा.

“मी इलंय तेव्हा घड्याळ बघलंस काय रे तू? पावतीर वेळ खय आसा?”

तो पावतीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “माका शेटान सांगल्यान तसा मी करतंय. माझ्याशी भांडान काय उपयोग नाय.”

तास उलटला होता, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पाच-सात मिनिटं उलटली होती, आणि चाळीस मिनिटं मी त्याच दुकानाच्या रांगेत उभी होते. पण एका तासाची मर्यादा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि दोनशे हा आकडा मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

मी दुकानात परत गेले. मॅनेजर म्हणाला, “पार्किंगशी आमचा संबंध नाही मॅडम, ते जागा-मालकाने कंत्राटाने दिलंय.” कंत्राटदाराचा नंबर त्या मुलाने लावून दिला. पलीकडचा आवाज म्हणाला, “बाई, जागा खासगी आहे. परवडत नसेल तर गाडी लावू नका.” आणि फोन ठेवला. लोणी गाडीत, वाटाणे गाडीत, बाहेर डिसेंबरचं असलं तरी कोकणातलं ऊन. पाहुणे निघाल्याचा मेसेज आलेला. मी दोनशे रुपये दिले. देण्याआधी तीन गोष्टी केल्या, आणि त्या का सुचल्या ते मला आजही नीट सांगता येणार नाही: साखळीचा फोटो काढला, पावतीच्या मागे लिहून सही केली, आणि ट्रॉल्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून टेकवलेली ती हिरवी पाटी दिसली, तिचाही फोटो काढला. ‘ग्राहकांसाठी मोफत पार्किंग’. एका कोपऱ्यात स्क्रू उपसल्याचं भोक.

रात्री पाहुण्यांची जेवणं झाल्यावर घरात विषय निघाला. यजमान म्हणाले, दोनशे रुपयांसाठी किती दिवस घालवणार, सीझनचे दिवस आहेत. त्यांचं चुकीचं नव्हतं. सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “पैशे गेले तर जांवदेत. पण गाडी बांधून घातल्यानी, तां कित्याक सोडतंस?” नेमकं माझ्या मनात तेच सलत होतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या गडग्याच्या आत पाय टाकायचा तर आधी हाक मारतात. जागा ज्याची त्याचा शब्द चालतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण बोलावून घरात घ्यायचं, पाच-सात हजारांची खरेदी करून घ्यायची आणि जाताना दार अडवायचं, याला जागेची मालकी म्हणत नाहीत.

माझा भाचा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, त्याला सांगितलं. तो म्हणाला, मामी, इथे हे रोजचंच आहे, फक्त साखळी नाही. तिकडे सुपरमार्केटच्या आवारात शिरताना आणि निघताना कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. दोन तास किंवा दीड तास मोफत, त्यावर गेलात की पार्किंगच्या खासगी कंपनीचं पत्र घरी येतं. २०१५ साली असंच एक प्रकरण त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेलं होतं. चेल्म्सफर्डच्या एका दुकानसंकुलात एक गृहस्थ दोन तासांच्या वर ५६ मिनिटं थांबले, ८५ पौंड मागितले गेले, ते भांडले आणि हरले. का हरले, तर आवारात जागोजागी मोठ्या, वाचता येतील अशा पाट्या होत्या. गाडी लावली याचा अर्थ अट मान्य केली. हे ऐकून मी खचले. पण पुढे तो म्हणाला, “आणि खासगी जागेत गाडीला चाप लावायला इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदी आहे. गाडीवर काही चिकटवलेलं नसेल तर पत्रही चौदा दिवसांत घरी पोचायला लागतं, नाहीतर गाडीच्या मालकाकडून वसूल करणं त्यांना जड जातं.” त्याला स्वतःला एकदा असं पत्र आलं होतं. त्याने दुकानाचं बिल जोडून दुकानालाच लिहिलं, आणि दुकानाने ते रद्द करून घेतलं. “बिल ठेवलंस ना मामी?” एवढंच त्याने दोनदा विचारलं.

बिल ठेवलं होतं. पंपाचंही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक ग्राहक पंचायतीचं काम करतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासूनच्या पिढीतला हा माणूस. गुरुजींच्या ओटीवर मी फाईल घेऊन गेले ती तावातावाने. मला वाटत होतं, पार्किंगचे पैसे घेणंच बेकायदा आहे, एवढं लिहून दिलं की झालं. त्यांनी मला चहा दिला आणि पहिलं वाक्यच सांगितलं ते असं, की तसं लिहू नकोस, कारण महाराष्ट्रात सरसकट तसा कायदा नाही.

मग त्यांनी देशभरचं सांगितलं. मला हे सगळं नवीन होतं, म्हणून वहीत उतरवून घेतलं. तेलंगणा सरकारने मार्च २०१८ मध्ये आदेश काढला: मॉलमध्ये पहिली ३० मिनिटं सगळ्यांना मोफत; तासापर्यंत, काहीतरी खरेदी केल्याचं बिल दाखवलं तर मोफत; तासाच्या वर, बिलाची रक्कम पार्किंगच्या पैशांपेक्षा जास्त असेल तर मोफत. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये म्हटलं की मॉलने पार्किंगचे पैसे घेऊच नयेत, कारण इमारतीला परवानगी मिळतानाच गाड्यांसाठी जागा सोडण्याची अट असते. ती जागा सोयीसाठी असते, धंद्यासाठी नव्हे. त्याच वर्षी पुणे महापालिकेने मॉल आणि मल्टिप्लेक्सना पैसे घेऊ नका अशा नोटिसा काढल्या. पण एका राज्याचा आदेश दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. त्याचा दाखला देता येतो, हक्क सांगता येत नाही. गुरुजींनी हा फरक मला दोन वेळा समजावला.

“तू तीस रुपयांवर भांडू नकोस,” ते म्हणाले. “तीस रुपये शुल्क आहे, दोनशे दंड आहे. शुल्क घेणं वेगळं आणि दंड करणं वेगळं. दंड सरकार करतं. खासगी माणूस फार तर करार मोडल्याची भरपाई मागू शकतो, आणि तीही त्याचं नुकसान झालं असेल तेवढीच वाजवी. इथे करार कुठे आहे? पाटी नाही, वेळ नाही, नाव नाही.” त्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढून दाखवला. अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत मालाचं किंवा सेवेचं बिल, पावती न देणं हेही धरलेलं आहे. मग पावतीच्या तळच्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलातून १९९८ साली चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलंय, की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल, तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. “तुझी किल्ली त्यांच्याकडे नव्हती,” गुरुजी म्हणाले. “पण गाडी हलवता येऊ नये असं त्यांनी केलं. म्हणजे जबाबदारी नको आणि ताबा मात्र हवा.”

मी विचारलं, एवढ्याशा रकमेसाठी कोणी दाद घेतं का? तेव्हा त्यांनी चंदीगडचं उदाहरण सांगितलं. २०१९ सालीच तिथे एका ग्राहकाने चपलांच्या दुकानात कागदी पिशवीचे तीन रुपये लावले म्हणून तक्रार केली, आणि ग्राहक मंचाने दुकानाला एकूण नऊ हजार रुपये भरायला लावले. आमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, स्वतः उभं राहता येतं, घटनेपासून दोन वर्षांची मुदत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मी फोन केला तेव्हा तिथेही मराठीतून बोलता आलं. तक्रारीचा नंबर मिळाला आणि कोणते कागद जपायचे ते सांगितलं.

पण गुरुजींचं मत, ओरोसला जायच्या आधी कागद पक्का कर. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. खासगी दुकानाला तो अधिकार लागू नाही, पण नगरपंचायतीला आहे, आणि इमारतीची परवानगी त्यांनीच दिलेली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. तीनच प्रश्न विचारले. या इमारतीच्या मंजूर नकाशात वाहनतळासाठी किती जागा दाखवली आहे? त्या जागेत शुल्क घेऊन वाहनतळ चालवण्याची परवानगी कोणाला दिली आहे काय? दिली असल्यास दर काय ठरवला आहे? गुरुजींनी माझ्या मूळ अर्जातले ‘का’ने सुरू होणारे सगळे प्रश्न खोडले होते. ‘का’ला उत्तर मिळत नाही म्हणाले, ‘किती’ आणि ‘कोण’ला मिळतं.

तीस दिवसांची मुदत असते, सत्ताविसाव्या दिवशी पाकीट आलं. नकाशाची प्रत होती. मी जन्मात कधी इमारतीचा नकाशा वाचला नव्हता. सासूबाईंच्या तांदळाच्या सुपाशेजारी जमिनीवर तो उलगडला आणि यजमान आणि मी दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. समोरच्या मोकळ्या जागेत छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात आकडा. चारचाकी १८, दुचाकी ४०. माझी ओम्नी उभी होती ती जागा मी बोटाने शोधली, प्रवेशाकडून डावीकडे पाचवी. म्हणजे तो चौकोन इमारत मंजूर होतानाच गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी आखून ठेवलेला होता. जेवढं बांधकाम त्या प्रमाणात गाड्यांची जागा, हा नियम राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीतही आहे, जी डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग सोडून जवळजवळ राज्यभर चालते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकाच ओळीत होतं: ‘अशी परवानगी दिल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही.’

यजमानांनी त्या दिवसापासून ‘सोडून दे’ म्हणणं बंद केलं.

फेब्रुवारीत मी पत्र लिहिलं. दुकानाला, जागा-मालकाला आणि प्रत नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना, रजिस्टर ए.डी. करून. त्यात राग नव्हता, फक्त वेळा होत्या. पंपाचं बिल ११.४९, दुकानाचं बिल १२.५८, काउंटर पाचपैकी एक चालू, मोफत पार्किंगची पाटी काढून उलटी ठेवलेली, तिचा फोटो. पावतीवर नाव, क्रमांक, वेळ नाही. चाकाला साखळी, तिचा फोटो. मागणी तीन: दोनशे रुपये परत, साखळी बंद, आणि पैसे घ्यायचेच असतील तर दर, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव प्रवेशाजवळ वाचता येईल असं लिहा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ओरोसला तक्रार दाखल करेन. शेवटी एक वाक्य मी आपणहून घातलं, गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं: ‘पावती फाडणाऱ्या मुलाविषयी माझी तक्रार नाही.’

बाराव्या दिवशी दुकानातून फोन आला. आवाज बदललेला होता, मॅडमच्या जागी ताई आलं होतं. आधी म्हणाले, या, तुम्हाला पाचशे रुपयांचं कूपन देतो. मी नको म्हटलं. मला दोनशेच हवे होते, आणि ते कशाचे ते लिहून हवे होते. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मॅनेजरने व्हाउचरवर लिहिलं ‘पार्किंगपोटी जादा घेतलेली रक्कम परत’. मी ‘जादा’च्या जागी ‘दंड’ लिहा म्हटलं. त्याला दोनदा कोणालातरी फोन करावा लागला. लिहिलं. तीस रुपये मी मागितले नाहीत. साखळी गेली होती. एप्रिल लागता लागता प्रवेशाला नवी पाटी आली: खरेदीच्या बिलावर दोन तास मोफत, बिलाशिवाय तासाला तीस रुपये, खाली चालवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर. मी ती पाटी उभी राहून पूर्ण वाचली. शेजारून जाणारा माणूस माझ्याकडे बघत गेला.

तो मुलगा तिथे नव्हता.

एप्रिलच्या शेवटी तो मला देवबागला भेटला. संगमाकडे पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या एका होडीवर लाइफ जॅकेटं गोळा करत होता. त्यानेच हाक मारली, “मावशे, वळखलंस माका?” मी ओळखलं. साखळी काढायला सांगितली त्याच आठवड्यात त्याला घरी बसवलं होतं. मी पत्रात त्याच्याविषयी लिहिलं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, पत्र त्याला कोणी दाखवलं नाही. मग जॅकेटांचे पट्टे आवळता आवळता त्याने जे सांगितलं ते मला आधी कळलं असतं तर पत्रात पहिल्या ओळीत घातलं असतं. रोज साडेतीनशे रुपये मिळायचे. पण “दिवसाक पाच दंड होवकच व्हये होते, नायतर हाजरी कापीत.” म्हणजे त्या दुपारी, मी रांगेत उभी असताना, तो पाच गाड्या शोधत होता. रांग लांबली की त्याचा दिवस भरायचा. होडीवर आता पाचशे मिळतात, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत होड्या बंद. “थय बाराय म्हयने काम होता,” तो म्हणाला. मी काही बोलू शकले नाही. मी बरोबर होते हे मला माहीत आहे, आणि त्याचं बारमाही काम माझ्या पत्राने गेलं हेही माहीत आहे.

हे सगळं चाललेलं असताना आणखी एक गोष्ट माझ्या मागे लागली होती, आणि ती घरातलीच होती. माझ्या धाकट्या दिरांची माडाची वाडी किनाऱ्याच्या रस्त्याला आहे. १९९७ साली आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा त्या वाडीत गाई बांधलेल्या असायच्या. मग पर्यटक वाढले, हायवे चौपदरी झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि मालवणच्या बाजारपेठेतले अरुंद रस्ते आणि किनाऱ्यालगतची वाट मे महिन्यात गाड्यांनी तुंबायला लागली. वाडीत तीसेक गाड्या मावतात. दीर गाडीला पन्नास रुपये घेतात. मी त्यात वाईट काही मानत नाही. जागा त्यांची, घरपट्टी ते भरतात, साफसफाई ते करतात, पर्यटकाला सावली मिळते. पण पावती? दोरीत ओवलेले कोरे चिठोरे, त्यावर शिक्का ‘पार्किंग ५०’. त्याआधीच्या मेमध्ये संध्याकाळी सातनंतर थांबलेल्या गाड्यांकडून ते आणखी पन्नास घेत होते, आणि सात ही वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. वाडीच्या तोंडाशी आडवी बांधलेली दोरी सोडायची नाही, आधी पैसे. साखळीच्या जागी दोरी, एवढाच फरक.

फेब्रुवारीत पत्र पोस्टात टाकलं त्याच संध्याकाळी मी त्यांना हे बोलले. ते उखडले. “वयनी, तू माझ्या पोटार पाय देतंस.” जाऊ मध्ये पडली. तीन आठवडे आमच्या दोन घरांत बोलणं नव्हतं, शिमग्याला सासूबाईंनी दोघांना एका ताटाशी बसवलं तेव्हा ते सुटलं. मी दिरांना मालवणच्या बंदराचं सांगितलं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला आपण पाहुण्यांना होडीवर बसवतो, तिकीट फाडून हातात मिळतं, त्यावर पैसे किती ते असतं. पाहुण्याने कधी त्यावरून वाद घातलेला पाहिलास? दीर म्हणाले, ती होडीवाल्यांची संघटना आहे, मी एकटा माणूस. मी म्हटलं, एकट्या माणसाला छापखाना नाही म्हणत नाही.

त्यांनी छापून घेतली. शंभर पानांची दहा पुस्तकं, प्रत्येक पावतीला क्रमांक, वर वाडीचं आणि त्यांचं नाव, गाडीचा नंबर, येण्याची वेळ लिहायला चौकट. फळीवर पाटी रंगवली: सकाळी ७ ते रात्री ९, चारचाकी ५०, दुचाकी २०, मुक्कामाला १००. संध्याकाळचे वेगळे पन्नास गेले. दोरी उरली, पण ती पैसे घ्यायच्या वेळी आत येताना असते, बाहेर पडताना सोडलेली असते.

एका ओळीवर मात्र आमचं जमलं नाही. पावतीच्या तळाला त्यांनी ‘नारळ पडून नुकसान झाल्यास मालक जबाबदार नाही’ असं छापून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका बेळगावच्या गाडीच्या काचेवर नारळ पडला होता आणि मोठी बाचाबाची झाली होती, ते त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, पैसे घेऊन माडाखाली गाडी लावायला तूच सांगतोस, नारळ तुझा, माड तुझा, आणि जबाबदार कोण नाही तेही तूच छापतोस? ते काही बोलले नाहीत. पावत्या छापून झाल्या होत्या, फेकून देण्याइतके पैसे कोणाकडेच नव्हते.

एक मेच्या आदल्या दिवशी सकाळी मी आमच्या मागच्या अंगणात मासे साफ करत होते. गडग्यापलीकडून धप्प आवाज आला, मग आणखी एक. उठून पाहिलं. दिरांनी पाडेली बोलावला होता. तो रस्त्याकडच्या रांगेतल्या माडावर होता, कोयत्याने पिकलेले नारळ आणि लोंबकळणारी सुकी चुडतं खाली टाकत होता. दीर खाली उभे राहून, जिथे गाड्या लागतात त्या ओळीतला एक-एक माड त्याला हाताने दाखवत होते.